मिनी डीव्ही कॅमेरा लावला तरी कॉम्प्युटर गप्पच. फायरवायर पोर्ट गेलाय हे नक्की कसं ठरवायचं?

पेठकर_शूटिंगवाला (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, नाहीतर "आधी हे सांगा, मग ते सांगा" यातच आठवडा जातो.

माझा पूर्वी लग्नाच्या शूटिंगचा धंदा होता. मुहूर्त नसेल त्या दिवशी कॅमेरा खांद्याला लावून शाहू स्टेडियम गाठायचं. पेठांच्या फुटबॉल मॅचेस, गोल झाल्यावर गॅलरीत उठलेला दंगा, हरल्यावर रेफ्रीच्या नावानं शंख, सगळं मिनी डीव्ही कॅसेटवर (डिजिटल व्हिडिओची छोटी कॅसेट) आहे. लग्नांच्या सीडी तेव्हाच ज्याच्या त्याला दिल्या. फुटबॉलच्या कॅसेटी मात्र लोखंडी ट्रंकेत तशाच राहिल्या. आता तालमीतली पोरं मागं लागलीत, "काका, ते सगळं कॉम्प्युटरवर घ्या की." त्या मॅचेसमधले काही खेळाडू आज स्वतः पोरांना शिकवतात. आपण कसं खेळत होतो ते त्यांना दाखवायचंय.

कॅमेरा चालू आहे. कॅसेट टाकली की त्याच्या पडद्यावर चित्र आणि आवाज दोन्ही स्वच्छ. एव्ही वायरनं टीव्हीला लावला तरी स्वच्छ. म्हणजे हेड आणि मोटरचा प्रश्न नाही. कॉम्प्युटर जुना, असेंबल केलेला कोअर टू ड्युओ. बोर्डावरच फायरवायर आहे, म्हणजे कॅमेऱ्यातून चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचा जुना पोर्ट, मागच्या बाजूला सहा पिनांचा एक. ह्याच मशीनवर मी वर्षानुवर्षं कॅप्चरिंग (कॅसेटवरचं कॉम्प्युटरवर घेणं) केलंय, आधी एक्सपीवर, मग सेव्हनवर. मध्ये मशीन बंद पडून होतं. भाच्यानं त्यात एसएसडी घातली आणि विंडोज १० टाकून दिली.

आता केबल लावली की काहीच होत नाही. आवाज नाही, खिडकी नाही, कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचं नाव नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर १३९४ (फायरवायरचंच दुसरं नाव) होस्ट कंट्रोलर दिसतो, पिवळं चिन्ह नाही, आत लिहिलंय की हे उपकरण व्यवस्थित चालू आहे. दुकानात नेलं तर केबल न लावताच "बोर्ड गेला, नवीन मशीन घ्या" असा निकाल मिळाला. म्हटलं नव्या मशीनला फायरवायर असतंय कुठं? तर म्हणे यूएसबी आहे की. यूएसबीनंही लावून बघितला. मेमरी कार्डावरचे चार फोटो दिसले, कॅसेटचा पत्ता नाही.

तर नक्की काय गेलंय? कॉम्प्युटरचा पोर्ट, कॅमेऱ्याचा पोर्ट, केबल, का नुसती विंडोजची भानगड? अंदाजपंचे बोर्ड बदलायचा नाही. घरी मल्टिमीटर आहे, वापरता येतो. शोधलं तर दुसरा तसलाच कॅमेराही गावात मिळेल.

झटपट_राव (पुणे)

काका, कशाला डोकं लावताय. बाजारात यूएसबीचं कॅप्चर डोंगल मिळतं, त्यात लाल-पांढरी-पिवळी वायर घाला आणि रेकॉर्ड दाबा. फायरवायर कधीच मेलं.

पेठकर_शूटिंगवाला

राव, तो रस्ता माहीत आहे आणि काहीच जमलं नाही तर तोच धरणार. पण कॅसेटवर जे आहे ते मुळातच डिजिटल आहे. ते एव्हीतून ॲनालॉग करायचं आणि डोंगलनं परत डिजिटल करायचं, म्हणजे धुतलेलं कापड पुन्हा चिखलातून काढण्यातला प्रकार. लग्नात चालून जातं, तिथं चेहरे मोठे असतात. फुटबॉलमध्ये वरच्या गॅलरीतून घेतलेला चेंडू चार ठिपक्यांचा असतो, तो आधी जातो.

सोल्डर_उद्यमनगर (कोल्हापूर)

पेठकर, डोंगलच्या नादाला आत्ताच लागू नका. फायरवायरनं कॅसेटवरचा डेटा जसाच्या तसा कॉपी होतो, सेकंदाला २५ मेगाबिट चित्र, ७२० गुणिले ५७६. शिवाय शूटिंगची तारीख आणि वेळ त्याच्यासोबत येते. एव्ही वायरमधून तारीख येत नाही, पडद्यावर छापून घेतली तरच येते.

आता तुमच्या दुखण्याकडे. आधी त्या "व्यवस्थित चालू आहे" वाक्याचा अर्थ समजून घ्या. विंडोज ते वाक्य बोर्डावरच्या कंट्रोलर चिपकडं बघून लिहितं. चिपनं हजेरी दिली, ड्रायव्हर चढला, की शेरा मिळाला. बाहेरच्या खाचेपर्यंतचे ट्रॅक शाबूत आहेत का, चिपच्या त्या टोकाला जीव आहे का, ह्याची चौकशी त्यात होत नाही. फायरवायरच्या सर्किटमध्ये दोन भाग असतात. लिंक नावाचा भाग कॉम्प्युटरशी बोलतो, फाय नावाचा भाग केबलच्या तारांशी बोलतो. बऱ्याच चिपमध्ये दोन्ही एकाच काळ्या चौकोनात बसवलेले असतात. जळतो तो फाय, कारण बाहेरून जे काय येईल ते त्याच्याच अंगावर येतंय. लिंक जिवंत आणि फाय खलास असे बोर्ड माझ्या टेबलावर बरेच येऊन गेलेत, आणि प्रत्येक मालकानं मला तोच शेरा दाखवलाय.

यूएसबीचंही सांगतो. त्या काळच्या बहुतेक मिनी डीव्ही कॅमेऱ्यांत यूएसबी ही मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी, फार तर वेबकॅमसारख्या बारक्या चित्रासाठी होती. कॅसेट यूएसबीवरून देणारी मोजकीच मॉडेलं होती. तुम्हाला फोटोच दिसले ह्यात कॅमेऱ्याचा दोष काही नाही.

तपासायला बसताना कॅसेट बाहेर काढा आणि कॅमेरा रेकॉर्डिंगच्या मोडवर ठेवा. फायरवायर ठीक असेल तर समोरचं जिवंत चित्र कॉम्प्युटरवर यायला पाहिजे. म्हणजे कॅसेट, हेड, प्ले मोड ही सगळी गडबड हिशोबातून बाहेर. एव्ही वायर काढून ठेवा, काही कॅमेरे दोन्ही लावल्यावर गोंधळतात. कॅमेरा अडॅप्टरवर चालवा.

मग केबल. तुमची केबल एका टोकाला सहा पिन, दुसऱ्याला चार. मीटर बीपवर लावा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर चांगली केबल फेकून द्याल. ह्या केबलमध्ये डेटाच्या दोन जोड्या आतल्या आत अदलाबदल केलेल्या असतात. सहावाल्याची ३ नंबर पिन चारवाल्याच्या ३ ला, ४ नंबर ४ ला, पण ५ नंबर १ ला आणि ६ नंबर २ ला जाते. सहावाल्याच्या १ आणि २ मधून वीज जाते, त्या चार पिनांच्या टोकाला कुठंच जोडलेल्या नसतात. त्या दोघींपैकी एखादी जर चारमधल्या कुठल्याही पिनेला बीप करत असेल तर ती केबल त्याच क्षणी कात्रीनं कापा. ठेवली तर घरातलं कुणीतरी लावणारच, आणि मग कॅमेऱ्याला बारा व्होल्ट.

तिसरं, पोर्टात डोकावून बघा. टॉर्च लावून. सहा पिनांच्या खाचेची एक बाजू निमुळती असते, म्हणजे प्लग उलटा बसू नये. पण पत्रा फाकला असला की जोर लावून उलटा बसतो. उलटा बसला की १ ची जागा ६ ला आणि २ ची ५ ला, म्हणजे वीज थेट डेटाच्या तारांत. तुमचा पत्रा कसा आहे ते फोटोसकट सांगा. कॅमेऱ्याची चार पिनांची खाचही बघा, आतली पातळ जीभ वाकलेली असते बऱ्याचदा.

मग मशीन चालू करून, केबल न लावता, पोर्टातल्या १ आणि २ मध्ये डीसी व्होल्टेज मोजा. डेस्कटॉपला साधारण १२ व्होल्ट मिळतं. मीटरची टोकं बारीक पाहिजेत आणि हात स्थिर पाहिजे, शेजारच्या पिनेला टेकलात तर जे गेलं नाही तेही जाईल. हात थरथरत असेल तर ही पायरी सोडा, कारण तिचा निकाल तसाही अर्धाच. बारा व्होल्ट आलं म्हणजे डेटाच्या तारा जिवंत आहेत असं नाही. आलं नाही तर विजेचा फ्यूज गेला असेल, पण चार पिनांच्या कॅमेऱ्याला त्या विजेची गरजच नसते.

आणि कळकळीची विनंती. दुसऱ्याचा उसना कॅमेरा आत्ताच लावू नका. पोर्ट मेलेला असला तर त्याचं काही वाटत नाही, पण मारका असला तर चांगला कॅमेराही जाईल. केबल आणि पत्रा आधी बघा, मग माणसं जोडा.

विणकर_गल्ली (इचलकरंजी)

सोल्डरभाऊंनी हार्डवेअरचं सांगितलं, मी विंडोजचं सांगतो. सेव्हनमध्ये फायरवायरचे दोन ड्रायव्हर होते, एक नवा आणि एक "लेगसी" नावाचा. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनं लेगसी काढून टाकला. १० मध्येही तो आपोआप येत नाही, त्यांच्याच साइटवरून उतरवून टाकावा लागतो. काही चिपा नव्या ड्रायव्हरवर दिसतात पण कॅमेरा पकडत नाहीत, विशेषतः व्हीआयए कंपनीच्या जुन्या. तेव्हा पोर्ट मेला म्हणायच्या आधी हे करून बघा. ड्रायव्हर बदलल्यावर कॅमेरा चालू केला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये इमेजिंग डिव्हाइसखाली डीव्ही कॅमेरा म्हणून वेगळी ओळ आली पाहिजे. ती ओळ आली तरच भेट झाली म्हणायचं.

ड्रायव्हरच्या भानगडीत पडायचं नसेल तर लिनक्सचा पेन ड्राइव्ह करा आणि त्यावरून मशीन चालू करा. हार्ड डिस्कला हात लागत नाही. टर्मिनलमध्ये डीमेसग (dmesg) लिहा. फायरवायरच्या ओळीत एफडब्ल्यू० (fw0) दिसेल, ते कार्ड स्वतः. कॅमेरा लावल्यावर एफडब्ल्यू१ अशी नवी ओळ यायला पाहिजे, बहुतेक कॅमेऱ्यांना पुढं एस१०० (S100, म्हणजे वेग) असं लिहून येतं. एफडब्ल्यू१ आलं तर तुमचा पोर्ट, केबल, कॅमेरा तिन्ही निर्दोष, गुन्हेगार विंडोज. फाय रजिस्टर वाचता येत नाही अशा अर्थाची ओळ आली तर चिपच गेली.

बायोस_बाबा

बोर्डावरची बॅटरी उतरली असेल, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) फायरवायर डिसेबल झालं असेल. आधी ते बघा.

सोल्डर_उद्यमनगर

बाबा, डिसेबल असतं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलर दिसलाच नसता. पेठकरांनी वर लिहिलंय ते वाचा की.

विणकर, लिनक्सचा मुद्दा एक नंबर. मी विसरूनच गेलो असतो. पेठकर, ते नक्की करा, त्यानं निम्मं भांडण मिटतंय.

पेठकर_शूटिंगवाला

रविवार सत्कारणी लावला. बायको म्हणाली, लग्नाचा सीझन परत सुरू झाला काय.

केबल: तुम्ही सांगितलेल्या क्रमानंच बीप करते. अदलाबदल माहीत नसती तर ५ आणि ६ तुटक्या आहेत म्हणून मीच निकाल दिला असता. १ आणि २ कुठंही लागत नाहीत. वायर हलवून, वाकवून बघितली, बीप तुटत नाही.

पत्रा: कॉम्प्युटरच्या पोर्टाचा पत्रा घट्ट आहे, फाकलेला नाही. आतली काळी जीभ शाबूत. कॅमेऱ्याची खाच भिंगातून बघितली, चारही पट्ट्या सरळ, पिवळ्याधमक. कॅमेऱ्यावर रबराचं झाकण होतं म्हणून वाचली असावी.

व्होल्टेज: १ आणि २ मध्ये ११.९.

लेगसी ड्रायव्हर टाकला, मशीन परत चालू केलं. डीव्ही कॅमेऱ्याची ओळ आली नाही.

लिनक्स: एफडब्ल्यू० दिसलं. कॅमेरा लावला, काढला, परत लावला, कॅमेरा बंद-चालू केला. एफडब्ल्यू१ शेवटपर्यंत नाही. फाय वाचता येत नाही वगैरे ओळही नाही. नुसतं गप्प. म्हणजे विंडोज सुटली असं मी समजतो.

आता उरले दोन आरोपी, कॉम्प्युटरचा पोर्ट आणि कॅमेऱ्याचा पोर्ट. आणि एक वेगळीच गोष्ट. केबल लावताना डावा हात कॅबिनेटवर होता, पाय फरशीवर, अनवाणी. झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर कॅबिनेटच्या स्क्रूवर मिणमिणता पेटला. पूर्वीही कधीकधी व्हायचं, तेव्हा चप्पल घालून काम करायचो.

सोल्डर_उद्यमनगर

चप्पल घालून तुम्ही वाचलात, पोर्टाला कोण चप्पल घालणार?

हे आधी नीट करा, बाकी सगळं नंतर. तुमच्या सॉकेटला तीन भोकं आहेत, पण वरच्या मोठ्या भोकाला मागं वायरच जोडलेली नसणार. पेठेतल्या जुन्या घरांत हे सर्रास आहे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायच्या डब्यात) फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला बारके कपॅसिटर लावलेले असतात, विजेचा कचरा अर्थिंगमधून जावा म्हणून. अर्थिंगच नसलं की तो कचरा जायला वाट नाही, आणि कॅबिनेट मेन्सच्या निम्म्याच्या आसपास तरंगत राहतं. मीटर एसीवर लावून कॅबिनेट आणि खरं अर्थ यांच्यात मोजा, शंभराच्या वर काहीतरी दिसेल. करंट अगदी बारीक, माणूस मरत नाही, नुसत्या झिणझिण्या. पण ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या चिपच्या पायाला तेवढा ठोकाही पुष्कळ झाला.

आता चित्र डोळ्यासमोर आणा. कॅपचरच्या वेळी कॅमेरा एव्ही वायरनं टीव्हीलाही जोडलेला असायचा का, बघत बघत घ्यायला? टीव्हीला केबलवाल्याची वायर. म्हणजे एका बाजूला तरंगतं कॅबिनेट, दुसऱ्या बाजूला गल्लीभर फिरून आलेली केबल टीव्हीची जाळी, आणि मधे तुम्ही चालू मशीनमध्ये फायरवायरचा प्लग खुपसताय. प्लगचा पत्रा आधी टेकला तर नशीब, डेटाची पिन आधी टेकली तर फरक तिच्यातून उतरणार. फायरवायर चालू मशीनला लावता येतं असं कागदावर आहे, आणि कागदावर आपल्याकडं प्रत्येक सॉकेटला अर्थिंगही आहे. तुमचा पोर्ट ह्यानंच गेला असं छातीठोक सांगणार नाही, पण माझा पहिला संशय तिथंच आहे.

वायरमनला बोलवा, अर्थिंग करून घ्या. नुसती न्यूट्रलला वायर मारून "झालं अर्थिंग" म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल सुटला की अख्खं कॅबिनेट फेज होतंय.

अर्थिंग झाल्यावर दोन आरोपींचा निवाडा असा करा. उसना कॅमेरा आणून तुमच्या जुन्या पोर्टाला लावायचा नाही. उलट करा. बोर्डावरच्या खाचेत बसणारं पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड घ्या, तुमचा कॅमेरा आणि तुमचीच केबल त्याला लावा. चाललं तर कॅमेरा आणि केबल दोन्ही सुटले, बोर्डावरचा पोर्ट दोषी. नाही चाललं तर कॅमेऱ्याचा पोर्ट दोषी, आणि मग त्या कार्डाला उसना कॅमेरा लावून खात्री करा. दोन्हीकडून कार्ड फुकट जात नाही. साधं पीसीआयचं कार्ड जुन्या बाजारात स्वस्त मिळेल, तुमच्या बोर्डात बसेलही, पण नव्या बोर्डांवर ती खाच नसते. एक्सप्रेसचं घेतलं तर उद्या मशीन बदललं तरी सोबत जाईल. चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची मिळाली तर उत्तम, व्हीआयएची असली तरी बहुतेक वेळा चालते.

आणि बोर्डावर आत जी १३९४ ची जादा पिनांची रांग असते, तिला कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीची वायर चुकूनही लावू देऊ नका. दोन्हीचा आकार एकच, नऊ पिना, एक जागा रिकामी. पण फायरवायरच्या रांगेत बारा व्होल्ट असतं. बोर्डाच्या पुस्तिकेत ठळक अक्षरात लिहिलेलं असतंय, वाचतंय कोण. भाच्यानं एसएसडी घालताना आत हात घातला होता म्हणालात म्हणून सांगितलं. एकदा झाकण उघडून बघाच.

पेठकर_शूटिंगवाला

झाकण उघडलं, पुढच्या यूएसबी बरोबर जागी आहेत. भाचा सुटला. टीव्हीचं मात्र तुम्ही ओळखलंत. कॅप्चर करताना टीव्ही कायम जोडलेला असायचा, नवरीकडची मंडळी शेजारी बसून बघायची, "हे ठेवा, ते काढा" चालायचं.

कॅबिनेट आणि नळाची लोखंडी पाइप यांच्यात मोजलं, १०८ आलं. वायरमन येऊन गेला. परड्यात खड्डा, त्यात पट्टी, कोळसा-मीठ, सगळं रीतसर. आता टेस्टर पेटत नाही.

कार्ड ऑनलाइन मागवलं. इथं राजारामपुरीत विचारलं तर एका पोरानं वायफायचं कार्ड काढून दिलं, त्याचा दोष नाही, त्यानं फायरवायर बघितलेलंच नसणार. कार्ड बसवलं, भिंतीतला प्लग काढून केबल दोन्हीकडं जोडली, मग मशीन, मग कॅमेरा. लिनक्समध्ये एफडब्ल्यू० बोर्डाचं, एफडब्ल्यू१ कार्डाचं, आणि कॅमेऱ्याचं बटण दाबल्याबरोबर खाली एफडब्ल्यू२, एस१००. कॅसेटशिवाय रेकॉर्डिंग मोडवर ठेवला होता, पडद्यावर आमचा पंखा फिरताना दिसला.

विंडोजमध्येही ओळ आली, लेगसी ड्रायव्हरवर. म्हणजे कॅमेरा, केबल निर्दोष, बोर्डावरचा पोर्ट बाद. दुकानातला निकाल निम्मा बरोबर निघाला म्हणायचं, पण त्यासाठी अख्खं मशीन फासावर जात होतं.

त्या मेलेल्या पोर्टावर इन्सुलेशन टेप मारून टाकलाय. आता दोन प्रश्न. तासाच्या कॅसेटला किती जागा धरायची? आणि मध्येच फ्रेम गळाल्याचा आकडा वाढतो, तो कार्डामुळं का?

विणकर_गल्ली

तासाला साधारण १३ जीबी धरा. डिस्क एनटीएफएस फॉरमॅटची पाहिजे. पेन ड्राइव्ह किंवा जुनी बाहेरची डिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीला फाइल अडते, म्हणजे अठरा-एकोणीस मिनिटांत खेळ खलास. घाई होणार नाही, तासाची कॅसेट तासभरच घेणार.

लिनक्सवर डीव्हीग्रॅब (dvgrab) हा कॅप्चरचा प्रोग्रॅम वापरलात तर शूटिंगच्या तारखेप्रमाणे फाइलींचे तुकडे पाडून नावात तारीख-वेळ घालता येते. कॅमेऱ्याचं घड्याळ तेव्हा बरोबर लावलेलं असेल तर कुठली मॅच कधीची हे शोधत बसायला नको.

सोल्डर_उद्यमनगर

फ्रेम गळतात त्या कार्डामुळं क्वचित. त्याच जागी परत परत गळत असतील तर कॅसेट किंवा हेड. वेगवेगळ्या जागी गळत असतील तर कॉम्प्युटर दुसरीकडं गुंतलाय, अँटिव्हायरस आणि अपडेट बंद करून घ्या. चित्रात चौकोन-चौकोन दिसत असतील तर कोरडी क्लीनिंग कॅसेट एकदा चालवा, उगाच रोज नको.

लाँग प्लेवर (कॅसेट हळू फिरवून जास्त वेळ रेकॉर्ड करायचा मोड) घेतलेल्या कॅसेटी असतील तर त्या ह्याच कॅमेऱ्यावर आधी उरका. लाँग प्ले दुसऱ्या कॅमेऱ्यावर कुरकुर करतं, आणि तुमचा कॅमेरा कधी दगा देईल सांगता येत नाही. आणि कॅसेट आत घालण्याआधी छोटी खिडकी उजेडात धरून रिळाच्या कडेला पांढरी बुरशी आहे का बघा. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये लोखंडी ट्रंक म्हणजे दमट खोलीच. बुरशीची कॅसेट हेडवर फिरली की पुढच्या सगळ्या कॅसेटींना प्रसाद मिळतो, ती बाजूला काढा.

पेठकर_शूटिंगवाला

लाँग प्लेवाल्या आधी काढल्या, तीन कॅसेटींवर बुरशी निघाली त्या वेगळ्या ठेवल्यात. फ्रेम वेगवेगळ्या जागी गळत होत्या. अपडेट बंद केल्यावर आकडा शून्यावर थांबला.

तारखेचा एक फायदा लगेच झाला. तालमीत एका गोलावरून गेली बरीच वर्षं वाद होता, तो फायनलमधला का सेमी फायनलमधला. फाइलच्या नावात तारीख बघितली, सेमी फायनलचा निघाला. ज्यांचा दावा फायनलचा होता ते म्हणतात कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं होतं.

नवखा_गडहिंग्लज

हा धागा वाचून माझ्या वडिलांचा कॅमेरा काढला. माझ्याकडं फक्त लॅपटॉप आहे, त्यात कार्ड कुठं बसवणार? यूएसबी टू फायरवायर अशी केबल स्वस्तात दिसते, घेऊ का?

सोल्डर_उद्यमनगर

ती केबल घेऊ नका. दोन्हीची बोलायची पद्धतच वेगळी आहे, नुसत्या वायरीनं तारा जोडून काही होत नाही, उलट एखादी चुकीची तार वीज चढवेल. लॅपटॉप जुना असेल तर बाजूला चार पिनांचा बारका पोर्ट आहे का बघा, शेजारी १३९४ किंवा आय-लिंक असं लिहिलेलं असेल. आय-लिंक हे सोनीनं दिलेलं नाव, वस्तू तीच. तो नसेल पण बाजूला एक्सप्रेसकार्डाची खाच (जादा कार्ड घालायची) असेल तर तिचं फायरवायर कार्ड मिळतं. यातलं काहीच नसेल तर मित्राचा जुना डेस्कटॉप आणि पेठकरांसारखं कार्ड, हाच सोपा मार्ग.

थंडरबोल्टवाला मॅक कुणाचा मिळाला तर ॲपलचे अडॅप्टर एकापुढं एक लावून जमतं, पण त्यावर मॅकओएस २६ टाकलेली नको, तिच्यातून फायरवायर काढून टाकलंय. मॉडेल काय आहे ते लिहा, मग बघू.